केळीच्या पानाची घडी

॥ श्री ॥
अण्णा नगर, चेन्नई
२८ मार्च २०२५

चि. रम्यास सकवारबाईचे अनेक आशीर्वाद.

मी कोण, तर तुझ्या विजूआत्याची सासू. तूं दहा महिन्यांची असतांना एकदां आलीस आणि माझी नवी साडी ओली केलीस, तेवढीच आपली ओळख.

तुझी दहावी झाली. आतां अकरावी-बारावीचीं दोन वर्षें आमच्याकडे राहून, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या नारायणस्वामींकडे तुला बुद्धिबळ शिकायचें आहे, हें विजूनें मला कागदावर लिहून दाखवलें. कानांनीं मला सोडलें त्याला सहा वर्षें झालीं. फोनमध्यें नुसतें गुं गुं ऐकूं येतें. म्हणून मला सांगायचें तें पत्रांतच सांगायचें. विजू सोडली तर घरांत मराठी लिहिणारें दुसरें कोण आहे? नातू कार्तिक वीस वर्षांचा घोडा झाला, मराठी बोल म्हटलें कीं त्याचे दांत दुखतात.

आम्ही तंजावरचे. आमची मराठी तीनशें वर्षांमागें तुमच्याकडून निघाली ती परत आली नाहीं. तुला हसूं आलें तर हस, पण लाल शाई घेऊन बसूं नको.

विजू हो म्हणाली, माझा मुलगा बालाजीराव हो म्हणाला. मी अजून म्हटलें नाहीं. चार दिवसांचें पाहुणपण निराळें, दोन वर्षें एका घरांत राहणें निराळें. तुझे बाबा कारखान्याच्या कामाला इरुंगाट्टुकोट्टैला येणारच आहेत, त्यांच्याबरोबर तूंही ये. तुला बघतें, मग सांगतें.

येतांना लोकरीचें कांहीं आणूं नको. तुझी आई नक्की घालील पेटींत. इथें एप्रिलमध्यें नळाला गरम पाणी फुकट येतें.

बाकी भेटीअंतीं. माया आधींच मागूं नये, ती राहून मिळवावी.

सकवारबाई

॥ श्री ॥
मिरज
१४ एप्रिल २०२५

ती. स्व. आजींस रम्याचा शि. सा. नमस्कार.

आम्ही काल सुखरूप पोचलो. तुम्ही बांधून दिलेला दहीभात आणि लोणचं गुंटकलच्या आतच संपलं, त्यातलं बरंचसं बाबांनी संपवलं. आईने स्वेटर घातलाच होता, तुम्ही कसं ओळखलंत?

आजी, मी मिरजेहून निघाले तेव्हा तुमची जाम भीती वाटत होती. वाटलं होतं, श्लोक म्हणायला लावाल नाहीतर भाकरी थापायला. तुम्ही काय केलंत, तर पहिल्याच दुपारी ते चौदा खळग्यांचं पल्लांगुळीचं लाकूड पुढ्यात ठेवलंत, चिंचोके ओतलेत आणि मला सलग पाच डाव हरवलंत. मी बुद्धिबळात जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी आहे हो! कार्तिकदादा दारात उभा राहून खिदळत होता. सहाव्या डावाला मी एका चिंचोक्याने वाचले, तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. ती मला फार आवडली.

नारायणस्वामी सरांकडे तर मी तीनही डाव हरले. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यांनी बाबांना सांगितलं की मुलगी हरल्यावर पट आवरत नाही, कुठे चुकलं ते बघत बसते, म्हणून तिला जूनपासून पाठवा. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या उन्हात मला आणि दादाला नुंगू खायला घातले. आमच्याकडचे ताडगोळेच ते. बाबांचे लोखंडी कास्टिंगचे नमुनेही पास झाले. त्या दिवशी आम्ही मेट्रोने उगाचच दोन स्टेशनं पुढे जाऊन परत आलो.

मग निघायच्या दिवशीचं जेवण! तुम्ही खास आमच्यासाठी केळीची पानं मागवलीत, बाबांना काकांची धोतरासारखी पांढरी वेष्टी नेसवलीत. उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी पाहून मी उडालेच, डांगर तर आमच्या मिरजेतही करतात. दादाने सकाळीच बजावलं होतं की इथे जेवल्यावर पान उघडं टाकून उठायचं नाही, दुमडायचं. आमच्याकडे तशी रीत नाही. पण बाबांनी मला हळूच दाखवलं, आपल्याकडची कड उचलायची आणि पलीकडे सारायची, म्हणजे रसम वेष्टीवर येत नाही. आम्ही दोघांनी अगदी काटकोनात घडी घातली. पाहिलीत ना?

त्यानंतर तुम्ही एकदम आत जाऊन पडलात. आत्या रिक्षा बोलवायला खाली गेली होती. मी नमस्काराला आत आले तर तुम्ही डोळे मिटले होते, म्हणून पायांना हात लावून निघाले. ऊन बाधलं का? तब्येतीला जपा.

आदल्या रात्री तुम्ही कपाट उघडून मला खालचे दोन रिकामे कप्पे दाखवलेत, त्यात नवा कागदही घातला होता. ते माझ्यासाठीच ना? विचारायला धीर झाला नाही. आता पत्रात विचारते. तुमच्या एका ‘हो’साठी मी रोज पोस्टमनची वाट बघते आहे.

टपलीसकट तुमचा लोभ हवा असणारी,
रम्या

॥ श्री ॥
अण्णा नगर, चेन्नई
१८ एप्रिल २०२५

चि. गिरीधर यास विजूताईचे आशीर्वाद. तुझ्या लायकीपेक्षा जास्तच आहेत.

काल फोनवर सांगायला गेले, तर तू म्हणालास की पानाचं काय एवढं, आणि मी फोन ठेवला. आता लिहून सांगते. नीट बसून वाच.

अरे शहाण्या, इथे पान दुमडतात ते वरची बाजू खाली, आपल्याकडे ओढून. म्हणजे जेवण गोड झालं, पुन्हा याच पंगतीला येऊ. आणि पलीकडे सारतात ते कुणी गेल्यानंतरच्या दिवसांच्या जेवणाला. असला प्रसंग या घरावर पुन्हा न येवो, असा त्याचा अर्थ. मंगल जेवणाला कुणी तसं केलं तर ते यजमानांच्या तोंडावर सांगणं होतं की तुमचा आमचा संबंध इथे संपला. आणि तुम्ही बापलेकीने ते केलंत, शेजारी शेजारी, काटकोनात!

मी रिक्षाच्या नादात खाली होते. कार्तिकने पानं उचलली, पण त्या गाढवाला तरी कुठली बाजू कळते, तो मोबाइल बघत जेवतो. सासूबाई तीन-चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं. शेवटी परवा त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं की मिरजकरांना आमचं घर पसंत नाही, उगाच मुलीला अडकवू नका.

मी लिहून लिहून सांगितलं की माझ्या भावाला काहीही ठाऊक नव्हतं. त्यांनी उलट लिहिलं की जो माणूस वितळलेलं लोखंड कुठल्या बाजूने ओतायचं ते जाणतो, त्याला पान मिटायची बाजू कळत नाही? एकाची चूक असते, दोघांचा विचार असतो. वर रम्याचं पत्र आलं, ते वाचायलाच तयार नाहीत, उशीखाली ठेवलंय. कपाटाचे ते दोन कप्पे जुन्या साड्यांनी पुन्हा भरून टाकले.

गिरी, मला राग कमी आणि रडू जास्त येतंय. त्या पोरीला आणायचं म्हणून मी वर्षभर मनं वळवत होते, आणि तू चार बोटांनी सगळं पलीकडे सारलंस. सरांना महिनाअखेर कळवायचं आहे. रम्याला खरं काय ते सांग, तिच्यापासून लपवू नकोस.

रागात असले तरी माया तेवढीच आहे, तीच तर पंचाईत आहे.

तुझी विजूताई

॥ श्री ॥
मिरज
२३ एप्रिल २०२५

ती. स्व. आजींस रम्याचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र उशीखाली ठेवू नका, हात जोडते. आधी पाकिटातलं पान बघा.

आत्याचं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. ते स्वतः ओसरीवर जाऊन बसले आणि रात्री जेवलेच नाहीत. आई म्हणाली की नवरा वीस वर्षं तिच्या ताटातलं मीठ कुठल्या बाजूला असतं ते बघत नाही, तो परमुलखातल्या पानाची रीत काय बघणार! पण ती हे म्हणतानासुद्धा हसली नाही.

आजी, आम्हाला माहीत नव्हतं. बाबांनी वेष्टी खराब होऊ नये म्हणून तसं केलं, आणि मी ते करतात म्हणून केलं. दादाने दुमडायला सांगितलं होतं, बाजू आम्ही विचारली नाही. सर म्हणतात ना, हरल्यावर कुठे चुकलं ते बघावं. मी बघितलं. तुम्ही आत जाऊन पडलात तेव्हाच मला काहीतरी खुपलं होतं, आणि तरी मी पाटी घेऊन तुमच्याशी बोलले नाही, गाडी चुकेल म्हणून पळाले. माझी खरी चूक ती.

खरं सांगू? आधी मला फक्त बुद्धिबळासाठी यायचं होतं. तुमचं घर म्हणजे झोपायची जागा, एवढंच डोक्यात होतं. आता तसं नाही. इथे मी संध्याकाळी आईकडून चिंचोके मागून घेतले, अंड्याच्या ट्रेमध्ये एकटीच खेळले, आणि मजा आली नाही.

काल बाबांनी मंडईतून पानं आणली. आम्ही तिघं खाली बसून डांगर-भात जेवलो आणि तिघांनी वरची बाजू खाली ओढली. माझं पान पुसून पाठवते आहे. मोठं होतं म्हणून मधला तुकडाच कापला, पण घडी जेवतानाचीच आहे. वाटेत काळं पडेल. बाजू तेवढी बघा.

नाही म्हणायचं असेल तरी म्हणा, पण तुमच्या हाताने लिहून म्हणा.

चुकलेली, पण तुमचीच,
रम्या

॥ श्री ॥
अण्णा नगर, चेन्नई
२९ एप्रिल २०२५

चि. रम्यास सकवारबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पान पोंचलें. काळें ठिक्कर, आणि वास तर विचारूं नको. कार्तिक चिमटींत धरून केराच्या डब्याकडे निघाला होता. मी ओरडलें, मला स्वतःला ऐकूं आलें इतकें ओरडलें. तें हिसकावून घेतलें, टेबलावर ठेवलें, चष्मा लावला. घडी बरोबर आहे. मग उशीखालचें तुझें पहिलें पत्रही काढून वाचलें. त्यांत तूं काटकोनाची फुशारकी मारली आहेस, ती वाचून हसूं कीं रडूं कळेना. ज्याला निरोप द्यायचा असतो तो कां असें लिहील?

अय्यो कण्णा, एक्याऐंशी वर्षांच्या बाईनें विचारायला हवें होतें. कान गेले, तोंड गेलें नव्हतें. पण मी कप्प्यांत कागद घालून बसलें होतें ना. घरांत कोणी येणार, माझ्याशीं पाटीवर मराठींत बोलणार, माझ्याकडून हरणार, असें मनांत धरलें आणि पान तसें मिटलेलें पाहिलें. फार लागलें मला. माणूस आशा करून बसतें तेव्हांच त्याला असें लागतें.

नंतर आठवलें. लग्नानंतर यजमानांबरोबर सातारला त्यांच्या चुलत घरीं गेलें होतें. मी आमटी रसमासारखी तळहातावर घेऊन भुरकली. पंगत माझ्याकडे बघत राहिली. त्या घरच्या थोरल्या जाऊबाईंनीं आपल्या हातावर आमटी घेतली आणि मोठ्यानें भुरकली. मला साठ वर्षें हें लक्षांत आहे, आणि तुझ्या वेळेला मात्र मी आंत जाऊन भिंतीकडे तोंड केलें. मला लाज वाटली, तें तुला लिहून सांगतें.

आतां अटी ऐक. तुझ्या बाबांनीं तुला पोंचवायला यायचें, माझ्यासमोर पानावर जेवायचें, आणि घडी मी बघणार. वेष्टी खराब झाली तर होऊं दे, साबण घरांत आहे. दर महिन्याला तूं आईला पत्र लिहायचें, फोन केला तरी लिहायचें. पल्लांगुळी रोज दोन डाव, नारायणस्वामींच्या डावांआधीं. त्यांना विजू काल संध्याकाळींच सांगून आली.

कपाटाचे दोन कप्पे आज सकाळीं पुन्हा रिकामे केले. साड्या ठेवायला दुसरी जागा नाहीं, त्या माझ्या पलंगावर आहेत, आणि मी कडेला आंग चोरून निजतें. जूनपर्यंत अशी निजलें तर पडेन. म्हणून जरा लवकर ये.

माया मिळवावी असें मीं पूर्वीं लिहिलें होतें. ती मिळाली, आतां न्यायला ये.

तुझी आजी,
सकवारबाई