बिननावाच्या दोन बाटल्या

॥ श्री ॥
ग्लासगो, १२ डिसेंबर २०२४

ती. स्व. सदाशिवकाकांस,
पुतणी नीरजा हिचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इथं सगळं खुशाल आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ हिमांशू नाताळच्या सुट्टीत मुकुंदवाडीला घरी येतोय. त्याच्याबरोबर खोकल्याच्या औषधाएवढ्या दोन बाटल्या पाठवतेय. आत सिंगल माल्ट व्हिस्की आहे. तुम्हाला माहीतच आहे, आमची कंपनी स्वतः काही गाळत नाही. डिस्टिलऱ्यांकडून भरलेली पिंपं घेते आणि आपलं लेबल लावून विकते. काही डिस्टिलऱ्यांची अटच असते, पिंप न्या पण आमचं नाव कुठं छापू नका. या दोन्ही तसल्याच, बिननावाच्या. नावं मला ठाऊक आहेत, तुम्ही ओळखायची.

उत्तर मोबाईलवर नको, हातानं लिहून पोस्टानं. मागच्या खेपेला तुमचं उत्तर दोन मिनिटांत आलं, तेही स्पेलिंगसकट बरोबर! तुमचं स्पेलिंग मी लहानपणापासून ओळखते, ते उत्तर इंटरनेटवरचं होतं.

दोन्ही नावं बरोबर आली तर मे महिन्यात पिंपं निवडायला बसतात त्या टेबलाशी तुमची खुर्ची पक्की. साहेबांशी बोलले आहे, तिकीट माझं. फक्त एक खरं सांगा, भाद्रपदातल्या तापात गेलेला वास परत आला ना? वास न येणाऱ्या माणसाला तिथं बसवता येणार नाही.

काकूच्या भीतीनं बाटल्यांवर मी ‘खोकला’ असं लिहिलंय. तिला माझा नमस्कार, आणि रागावलात तरी माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची
नीरजा


छावणी, छत्रपती संभाजीनगर
३ जानेवारी २०२५

चि. नीरजास,
सदाशिवकाकाचे अ. उ. आ.

खोकला पोचला. वास परत आला का, असं मला विचारतेस? अगं, चिकलठाण्याच्या बिअर फॅक्टरीत पस्तीस वर्षं लॅबमध्ये काढली. कुठली टाकी बिघडली ते मी दारातूनच सांगायचो. माझ्या नाकाला काय धाड भरलीय!

बाटली पहिली. बूच काढल्याबरोबर कुंकवाखाली लावायचं मेण, डबीत राहून राहून जुनं झालेलं, आणि मागून मोसंबीची साल. असं मेण एकाच घरचं, क्लाइनलिश.

बाटली दुसरी. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्यावर जो धूर निघतो ना, तोच, आणि त्यात दवाखान्यातलं आयोडीन. धूर आणि औषध एकत्र म्हणजे तिकडच्या पश्चिमेच्या बेटावरचं लाफ्रॉइग. घे लिहून.

खुर्चीला हात असतील तर बरं, गुडघे कुरकुरतात. काकूला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा तिच्यापाशी बोलू नकोस. आमची आठवण आणि खुर्ची, दोन्ही राखून ठेव.

तुझा
सदाशिवकाका


ग्लासगो, २५ जानेवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

दोन्ही नावं बरोबर! साहेबांनी तुमचं पत्र माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. बाळंतिणीची शेगडी म्हणजे काय ते इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला.

आता माझी पाळी. तुमच्या पत्रातला माल कुठला, तेही मी ओळखलंय. काका, तुम्ही कुंकू कधीपासून लावायला लागलात? आणि बाळंतिणीच्या खोलीत तुम्हाला सोडलं कुणी? आपल्याकडं पुरुषमाणूस बाळ बघतो ते उंबऱ्याबाहेरून. लेबल तुमचं असलं तरी माल स्वयंपाकघरातला आहे. तुपाच्या डब्याचं झाकण जरा किलकिलं करून, हे मागच्या महिन्यातलं आहे, असं गुलमंडीच्या दुकानदाराला तोंडावर सांगणारं नाक आपल्या घरात एकच आहे.

म्हणजे तुमचा वास परत आलेला नाही. काका, मला वाईट वाटलं ते खोट्याचं नाही. इतके महिने तुम्ही हे झाकून ठेवलंत आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत, त्याचं वाटलं. खुर्चीचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. आधी खरं कळू दे, तेही काकूच्या हातचं.

चोरी पकडली तरी पुतणी तुमचीच आहे, लोभात कपात करू नका.

नीरजा


छावणी, १७ फेब्रुवारी २०२५

चि. नीरजास,
अंबिकाकाकूचे अ. उ. आ.

बाई बाई, तू तर फौजदारच झालीस! तुझं पत्र वाचून हे उशाखाली घालून बसले होते. मीच काढून वाचलं.

खरं सांगते. ह्यांना काही म्हणजे काही वास येत नाही. दिवाळीत दूध उतू जाऊन करपलं आणि हे तिथंच, गॅसपाशी पेपर वाचायलेत. त्या दिवशी लहान लेकरासारखे रडले. कुणाला सांगू नको म्हणले. तुझा खोकला आला तेव्हा तासभर पेल्यात नाक घालून बसले, मग गुपचूप पेला माझ्याकडं सरकवला. मी म्हणलं, जिभेला लावणार नाही, नुसता हुंगते. मी वास सांगायचा, ह्यांनी डोळे मिटून नाव सांगायचं. मेण म्हणायचा अवकाश, नाव हजर! मला तर त्यातलं एकही नाव म्हणता येईना. लई दिवसांनी माणूस हसला गं.

दुसऱ्या पेल्याला मात्र माझेच डोळे भरले. आमच्या घरात बाळंतपण झालं ते एकच, तुझ्या वेळचं. तुझ्या आईला माहेरचं कुणी नव्हतं, म्हणून चाळीस दिवस ती शेगडी मीच राखली. तो वास मी विसरेन होय?

ह्यांची खुर्ची काढू नको. वास गेला तरी डोकं शाबूत आहे. मागं एखादं स्टूल टाक, मी बसेन. खाली ह्यांना चार ओळी लिहायच्यात, म्हणून आवरते. तब्येतीला जप, आणि आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.

काकू

चि. नीरजा, चोरी कबूल. तू झालीस तेव्हा मी त्या खोलीबाहेर चाळीस दिवस घिरट्या घातल्या. मला आत सोडत नव्हते, धूर तेवढा बाहेर यायचा. त्या दिवशी पेला हुंगून ही ‘शेगडी’ म्हणाली आणि मला तो धूर आठवला. वास आला नाही गं, आठवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तेव्हा खुर्ची हिला दे आणि स्टूल मला. वास ही सांगेल, नावं मी सांगेन. पासपोर्टच्या फोटोला कुठली साडी नेसायची, ते मात्र हिचं कालपासून ठरत नाही.

तुझा काका