नट-बोल्टांचं घर

बारामती, १२ जानेवारी २०२५

ती. मोहनदादास,
धाकट्या सिंधूचा शि. सा. न., वि. वि.

तू म्हणशील, घरात फोन असताना सिंधीला पत्राचं खूळ कुठून सुचलं. अरे, तुला कमी ऐकू येतं म्हणून सूनबाई फोन स्पीकरवर ठेवते, आणि मी भावाशी नाही, सभेत बोलल्यागत बोलते. हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे.

हे जाऊन तीन वर्षं झाली. माळेगावच्या कारखान्याचं क्वार्टर सुटलं तेव्हापासून या भाड्याच्या खोलीत आहे. पोटी लेकरू नाही. माझं म्हणावं असा तूच. म्हणून मनात आलंय, निमगावला तुझ्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर दोन खणांचं घर बांधावं. विटा-सिमेंटचं म्हटलं तर नऊ लाखांच्या खाली कुणी बोलत नाही. पण कऱ्हाटीला एक जुनं गुऱ्हाळ मोडतंय, त्याच्या छपराचं सागवान विकायला आहे. जोतीराम सुतारानं ठोकून पाहिलं, खणखणीत आहे म्हणाला. सांगाडा लाकडाचा, भिंतींना सिमेंटच्या शीटा, वर पत्रा.

लाकूड पंच्याण्णव हजार, जोतीरामची मजुरी साठ, भिंती बावन्न, पत्रे अडतीस, संडास-मोरी तीस, लाइट बारा, खांबांखालचे दगड नऊ. झाले दोन लाख शहाण्णव. यांच्या फंडाचे तीन लाख दहा आहेत, म्हणजे चौदा हजार उरून तुला पुरणपोळी. फक्त तुझा होकार पाहिजे. माया आहे तेवढी राहू दे, वाढवून मागत नाही.

तुझी, सिंधू


निमगाव केतकी, २३ जानेवारी

चि. सिंधूस,
मोहनदादाचे अ. आ.

पत्र पोचलं. बाजाराच्या दिवशी पोस्टमननं रस्त्यातच हातात दिलं, ते बरं झालं. नात छकुलीचा पुढचा दात पडलाय, बोळकं घेऊन गावभर हिंडतीय. डाळिंबाला औंदा बरा भाव हाय.

घराचं म्हणशील तर तुजं एस्टिमेट कागदावर बसलंय, रानात न्हाय बसायचं. हितं वाळवी लई. औषधाला धा हजार धर. विहिरीपाशी लाइटचे खांब आणायचे तर चाळीस धर. साडेतीन लाखाला जातंय, तेवढं तुज्याकडं न्हाईत. लहानपणी पाल दिसली तर घर डोक्यावर घ्यायचीस, आन् आता रानात एकली ऱ्हाणार व्हय? घाई करू नगं. हे साल जाऊ दे. तब्येतीला जप.

तुजा, मोहनदादा


बारामती, ३० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न., वि. वि.

तुझी वाळवी आणि तुझे खांब, दोन्ही वाचले. घराच्या लाकडी खांबांच्या बुडाला डांबर फासलं की वाळवी शिवत नाही, दोन हजार. लाइट नको, सौर दिवे पंधरा हजारांत येतात. मधली भिंत काढून टाकली, आठ वाचले. आता बेरीज दोन लाख त्र्याण्णव, पहिल्यापेक्षा तीननं कमीच. बोल.

घाई का, विचारतोस. परवा गॅसवाला आला. सिलिंडर आत ठेवून, पाणी पिऊन, दहा मिनिटं गावाकडच्या गोष्टी करून गेला. तो गेल्यावर ध्यानात आलं, चार दिवसांत मी पहिल्यांदाच कुणाशी बोलले होते. दादा, मला इथं फार एकटं वाटतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

तू पैशाचाच विचार करतोयस ना? का दुसरं काही आहे? असेल तर सांग. मी रागावणार नाही.

तुझी, सिंधू


निमगाव केतकी, ९ फेब्रुवारी

चि. सिंधूस,
अ. आ.

तुज्यापाशी खोटं बोलणं कधी जमलं न्हाय. वाळवी तेवढी न्हाय हितं.

पोरापाशी, सूरजपाशी, विषय काढला हुता. तो म्हणतो, घर उभं ऱ्हायलं की पंचायतीत नोंद लागंल, आन् आत्याच्या माघारी तिच्या दिराची पोरं येऊन जागा मागतील. मी म्हणायला पायजे हुतं, की सिंधू माजी बहीण हाय. म्हणलं न्हाय. ताटावरनं उठलो, एवढंच. चार दिस झाले, मलाच माजा राग येतोय.

आता तू सांग, मी काय करू. भावाची चूक पोटात घाल.

तुजा, मोहनदादा


बारामती, १६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न., वि. वि.

एवढंच होतं होय? आधी सांगायचंस की. वीस वर्षांपूर्वी साडीचोळीवर जमिनीतला वाटा सही करून सोडला, तेव्हा तरी मी कुठं काही मागितलं?

सूरजला सांग, पंचायतीत नोंद करणार नाही. पाया खणणार नाही, खांब नुसते दगडावर उभे राहतील. जोतीरामला सांगितलंय, एकही खिळा मारायचा नाही, सगळं नट-बोल्टांवर. दोन दिवसांत घर सुटं होतं म्हणतो. एस्टिमेटमध्ये एक रक्कम वाढवली आहे: माझ्या माघारी घर मोडून, लाकूड उचलून, जागा साफ करून द्यायचे पंधरा हजार. ते जोतीरामकडं आधीच देऊन ठेवते. एकूण तीन लाख आठ. दोन हजार उरतात, मला पुरतात.

जागा होती तशी परत मिळेल. तोवर राहू दे मला तुझ्या नजरेसमोर.

तुझी, सिंधू


निमगाव केतकी, २५ फेब्रुवारी

चि. सिंधूस,
मोहनदादाचे अ. आ.

तुजं पत्र सूरजला वाचाया दिलं. त्यानं मोबाइलवर बेरीज करून बघितली आन् म्हणला, मग माजी काय हरकत न्हाय. फकस्त मोडायचे पंधरा हजार जोतीरामकडं नगं, माज्याकडं ठेवायला सांगा. पोरगं वाईट न्हाय गं. पण त्याचा जीव किती हलका झाला ते मी बघितलं, आन् माजा जड झाला.

तुला एक सांगितलं न्हाय. दिवाळीपासनं माजी बाज ट्रॅक्टरच्या शेडात हाय. छकुलीच्या अभ्यासाला खोली पायजे हुती, मी हूं म्हणलो. ताट तितंच येतं. ऐकू येत न्हाय म्हणून कोण बोलाया बसत न्हाय. तुजी पत्रं आली, तेवढंच काय ते बोलणं झालं या दोन म्हैन्यांत.

तवा असं कर. दोन खणांचे तीन खण धर. वाढीव लाकूड, पत्रा माज्या डाळिंबाच्या पैशातनं. सातबारा अजून माज्या नावावर हाय, आन् हे मी सूरजला तोंडावर सांगितलंय. जोतीरामला घेऊन पुढच्या बुधवारी ये, जागा आखू.

मोडायचे पंधरा हजार खोडू नगंस. फकस्त एस्टिमेटात लिही, ते दोघांच्या माघारी लागतील. वाट बघतोय.

तुजा, मोहनदादा