शेजारच्या व्यक्तीसाठी चौकशी

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. बबीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमच्या चिमण्याने दाढी करताना गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लावला, हे वाचून माझ्या हातातली सुई पडली ती अजून सापडलेली नाही. घरात चपला घालून फिरते आहे. कान शाबूत राहिला म्हणतेस, हे त्या माणसाचं नशीब आणि आपलंही. जुनी गिऱ्हाइकं आता दुकानात फक्त वर्तमानपत्र वाचायला येतात, हे तू हसत हसत लिहिलं आहेस. तुझं ते हसू मी ओळखून आहे गं.

उन्हाळा संपेपर्यंत त्याची दारू सुटली नाही, तर तू कायमची लेकीकडे राहायला जाणार, हेही वाचलं. मी भावाची बाजू घेऊन तुला थांब म्हणणार नाही. फक्त उन्हाळा संपेपर्यंतचा वेळ मला दे.

त्याला सरळ सांगण्यात अर्थ नाही. सरळ सांगितलं की तो शपथ घेतो, आणि शपथ घेण्यात त्याचा हात धरणारा अजून जन्मायचा आहे. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकाला कापड आपण निवडून दिलं की ते घरी जाऊन नाक मुरडतं. त्यालाच चाचपू दिलं की खुशीत शिवून घेतं. तेव्हा व्यसनमुक्तीची केंद्रं मी त्यालाच बघायला लावणार आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी नावाखाली. तू ताकास तूर लागू देऊ नकोस. स्वतःच्या जिवाला जप, वेळेवर जेव.

तुझी नणंद, पण तुझ्याच बाजूची,
आक्का

---

दि. ३ फेब्रुवारी

चि. चिमण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन न करता पत्र टाकते आहे, कारण फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मी खुशाल आहे. शिवणाच्या वर्गात यंदा एक नवी मुलगी आली आहे, ती बाह्या उलट्या लावते आणि मलाच समजावते की हल्ली अशीच पद्धत आहे.

एक नाजूक काम आहे. माझ्या शेजारच्या एका व्यक्तीला एक सवय लागली आहे. वस्तूचं नाव कागदावर लिहीत नाही. व्यक्ती गुणी, हाताला कसब आहे, बोलणं गोड, पण सवय आता डोक्यावर बसली आहे. आपल्या राज्यात अशा लोकांना बरं करणारी केंद्रं आहेत म्हणे, काही चांगली, काही नुसती पाटीपुरती. तुझ्या खुर्चीत गावभरचे लोक बसतात, तुला सगळीकडची खबर. शिवाय दुकान हल्ली निवांतच असतं असं ऐकते. तेव्हा चार ठिकाणी स्वतः जाऊन बघ. डॉक्टर रोज येतो का, सरकारी परवाना भिंतीवर आहे का, मारहाण होते का, घरच्यांना भेटू देतात का, सगळं विचार. तुझ्या सख्ख्या माणसाला ठेवायचं आहे असं समजून बघ.

लोभ आहेच. तो पुरवून वापर.
तुझी आक्का

---

दि. २० फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मन भरून आलं. तुझ्या त्या व्यक्तीला सांग, काळजी करू नकोस, हा चिमण्या आकाशपाताळ एक करील. व्यक्तीला लाज वाटायचं काही कारण नाही. सवय कुणालाही लागते, अगदी चांगल्या घरच्या, वयस्कर, देवमाणसालासुद्धा.

दोन केंद्रं बघून झाली. पहिल्याला काचेचं ऑफिस, काचेत मासे, आणि माशांसारखाच उघडझाप करणारा एक व्यवस्थापक. म्हणाला, शंभर टक्के खात्रीने बरं करतो, लेखी हमी. आक्का, इतकी वर्षं माझा धंदा आहे, पण टकलावर केस उगवतील अशी हमी मी कुणाला दिली नाही. आत बघू का म्हटलं, तर म्हणे आत जायची परवानगी नाही, फोटो बघा. फोटोतली माणसं इतकी आनंदी की मला वाटलं ती अजून पीतच असावीत.

दुसऱ्याचं दार लोखंडी. माझी बघायची रीत तुला ठाऊक आहे, मी आधी डोकी बघतो. सगळ्यांच्या डोक्यावरून एकच मशीन एकाच दिवशी फिरवलेलं, मेंढ्यांवरून फिरवतात तसं. हनुवट्यांवर जखमा. प्रमुख मिशीला पीळ देत म्हणाला, तुम्ही नुसता पत्ता द्या, आमची गाडी येऊन उचलून नेते, आणि सुरुवातीचे काही महिने घरच्यांनी यायचं नाही. मी म्हटलं, पत्ता विसरलो. तिथे मी माझा कुत्रासुद्धा ठेवणार नाही, आणि मला कुत्रा नाही.

अजून दोन बघतो. व्यक्तीला माझा नमस्कार सांग.
आज्ञाधारक (कधी कधी),
चिमण्या

---

दि. २४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला आहे. लिहू की नको असं करत शेवटी लिहायला बसले.

तुम्ही वस्तूचं नाव लिहिलं नाहीत. यांनी काय तर्क केला माहीत आहे? यांना वाटतं, ती शेजारची व्यक्ती म्हणजे तुम्हीच. आणि सवय म्हणजे तुमची तपकीर! परवा डोळे पुसत मला म्हणाले की आक्काची तपकीर फार वाढली आहे, सुई ओवतानाही चिमूट लागते, बिचारीला भावाजवळ सरळ बोलायची लाज वाटली म्हणून शेजारणीच्या आडून लिहिते, आता तिला वाचवायलाच हवं. मासेवाल्या ऑफिसातही त्यांनी तपकिरीचीच चौकशी केली. तो व्यवस्थापक म्हणे आधी हसला आणि मग तिच्यासाठीही स्वतंत्र खोली आहे म्हणाला.

आणि वन्सं, तुमच्या काळजीने त्या दिवशी हे नेहमीपेक्षा जास्त प्यायले. मी हसावं की रडावं? तुमची युक्ती तुमच्यावरच उलटली. आता काय करायचं, कळवा.

तुमची,
बबी

---

दि. २८ फेब्रुवारी

चि. सौ. बबीस,
अ. उ. आ.

माझी तपकीर! दिवसाकाठी चार चिमटी घेणाऱ्या बाईला हा पिंपभर पिणारा माणूस वाचवायला निघाला! रागाने लाल झाले, आणि राग आवरायला डबी उघडली. उघडल्यावर मात्र जरा विचारात पडले. चार चिमटी हा माझा स्वतःचा हिशेब आहे, आणि डबी मला काही वेगळंच सांगत होती. असो.

तू त्याची समजूत दुरुस्त करू नकोस. माझ्यासाठी तो उन्हातान्हात वणवण करतो आहे, स्वतःसाठी कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेला नसता. करू दे. पुढचं मी बघते.

तुझी,
(शेजारची व्यक्ती) आक्का

---

दि. १५ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काम फत्ते. तिसरं ठिकाण म्हणजे सरकारी दवाखान्यातला विभाग. बाकांवर गर्दी, पंखा कुरकुरणारा, पण डॉक्टरीणबाई खणखणीत. त्या म्हणाल्या, दारू जुनी असेल तर एकदम घरीच बंद करू नका, झटके येऊ शकतात, डॉक्टरच्या नजरेखाली सोडवावी लागते. मी म्हटलं, आमच्या व्यक्तीची वस्तू वेगळी आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, जरा दोन्ही हात समोर धरा बघू. मी खिशात घातले. पंख्याखाली गारवा होता. तिथे चांगलं आहे, पण खाट मिळायला थांबावं लागतं.

चौथं मात्र आवडलं. जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, वर्गातले काळे फळे अजून भिंतीवर आहेत. परवाना दारातच लावलेला, डॉक्टर रोज सकाळी, स्वयंपाक माणसं स्वतः करतात. सगळं बघणाऱ्या ताई स्पष्ट बोलल्या की इथून गेलेले सगळेच बरे राहत नाहीत, काही परत येतात, आणि परत आलेल्याला आम्ही दार लावत नाही. हे ऐकून मला धीर आला. खरं सांगणाऱ्याकडे माणूस ठेवावा. घरच्या एका माणसाने मात्र रविवारच्या बैठकीला आलंच पाहिजे असा त्यांचा नियम आहे. तपकीर, म्हणजे त्या व्यक्तीची जी काही वस्तू असेल ती, तीही त्या सोडवतात.

हनुवट्याही बघितल्या. एकदम गुळगुळीत. तिथे एक म्हातारे मास्तर दाढीचा साबण लावून बसले होते. मी म्हटलं, द्या, माझा धंदाच आहे, करून देतो. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि फार प्रेमाने म्हणाले की आज राहू दे, पुढे कधीतरी तुमच्याकडूनच करून घेईन. त्यांना घाई असावी.

चिमण्या

---

दि. २० मार्च

चि. चिमण्यास,
अ. उ. आ.

तुझ्यापुढे कुणाचं काही लपत नाही. ती व्यक्ती मीच. डबी हातात धरून लिहिते आहे. तू पसंत केलेल्या ठिकाणी मी यायला तयार आहे, पण एकटी येणार नाही. मला तिथे सोडून पळून जायचं नाही. ताईंच्या नियमाप्रमाणे घरचं माणूस म्हणून तू बैठकीला बसायचं, आणि मी आहे तोवर जवळपास राहायचं. आणि माझ्याशेजारी बसताना तोंडाला वास नको. मी लवकर चिडते, आणि तपकीर सुटताना अजूनच चिडेन, आधीच सांगून ठेवते.

तुझी,
आक्का

---

दि. ७ एप्रिल

चि. सौ. बबीस,
अ. उ. आ.

हे पत्र शाळेच्या बाकावर बसून लिहिते आहे. ताईंनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली, हसू दाबायला खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, आजी, तपकिरीसाठी खाट लागत नाही, पाहुण्यांच्या खोलीत राहा आणि दिवसा या. मग हळूच मला विचारलं, खाट खरी कुणासाठी? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, पण त्यांच्या तोंडून येऊ दे. जबरदस्तीने भरलेली खाट लवकर रिकामी होते.

बबी, मला वाटलं होतं मी सोंग करायला आले आहे. पहिल्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं, मी मास्तरांवर ओरडले, ताईंचा डस्टर हुंगला, चिमण्याला सांगितलं की तुझ्यासारखा भाऊ असण्यापेक्षा मी एकुलती एक असते तर बरं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. माझ्या मागेमागे राहायचं म्हणून दिवसा त्याने घेतली नाही, आणि त्यापायी त्याच्या हातातला पेला असा वाजायला लागला की डॉक्टरांनी बघून त्यालाही गोळ्या सुरू केल्या. त्याला सांगितलं, पाहुण्यांनाही देतो आम्ही. त्याने बरं म्हणून घेतल्या.

काल रविवारची बैठक झाली. घरच्या माणसाने उभं राहून सांगायचं असतं की आपल्या माणसाच्या सवयीने आपल्याला काय सोसावं लागलं. चिमण्या उभा राहिला. म्हणाला, आमची आक्का शिंकते. मग थांबला. म्हणाला, तिचे रुमाल खराब होतात. मग डोकं खाजवलं. माझ्याविरुद्ध तक्रार शोधायला त्याने इतका जोर लावला की मलाच त्याची दया आली. सापडेना गं त्याला. शेवटी म्हणाला, हिने मला काहीच त्रास दिलेला नाही, पण मी दुसऱ्यांना काय दिलं ते सांगू का? ताई म्हणाल्या, सांगा. मग तो कानाचं बोलला. लेकीच्या लग्नात काय केलं ते बोलला. तू रोज दाराशी उभी राहतेस आणि त्याची चाहूल लागली की आत जातेस, हे त्याला माहीत आहे बबी, तेही बोलला.

तुला परत ये किंवा थांब म्हणायला हे लिहीत नाही. तू सोसलंस, म्हणून काय घडलं ते तुला आधी कळावं.

आक्का

---

दि. ११ एप्रिल

सौ. बबीस,

आक्काला उद्या सकाळच्या गाडीत बसवतो. तिची तपकीर सुटली, निदान असं ती म्हणते. आता घरी जाऊन सगळ्या गल्लीची सोडवणार आहे. आक्का बरी झाली. मला थोडा वेळ लागेल.

मास्तरांच्या शेजारची खाट मिळाली आहे. पहिल्या रात्री झोप नव्हती, अंगाला घाम सुटत होता, डॉक्टर म्हणाले असं होणार. अक्षर वाकडं आलं आहे, सांभाळून घे. शपथ घेत नाही. ताई म्हणतात इथे शपथ चालत नाही, सकाळी उठून फक्त आजचं बोलायचं. आजचं जमलं.

रविवारच्या बैठकीला घरचं माणूस लागतं. कोण, म्हणून ताईंनी विचारलं. आक्का लगेच म्हणाली, बबी. मी म्हटलं, थांबा, विचारून सांगतो. इतकी वर्षं तुला न विचारताच तुझं सगळं ठरवत आलो. तू नाही म्हणालीस तरी मी इथेच राहणार आहे. लेकीकडे जायचं असेल तर जा, तिला माझा आशीर्वाद सांग.

तुझं नाव सांगू का?

चिमण्या

---

दि. १४ एप्रिल

ती. स्व. यांस,
सा. न.

सांगा. रविवारी पहिल्या गाडीने येते.

मात्र मी उभी राहून बोलायला लागले की तुमच्या त्या वन्संच्या रुमालांच्या तक्रारीसारखं पटकन आटपणार नाही. ताईंना म्हणावं, त्या दिवशी बाकीच्यांना लवकर जेवायला घाला. आणि तुम्ही पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकायचं. मध्ये उठायचं नाही.

बबी