बाबांना उचलायची तयारी

कात्सुनुमा, २५ नोव्हेंबर

प्रिय आईस,
चिसातोचा नमस्कार. सफरचंदांची पेटी पोचली. तिकडे यंदा बर्फ लवकर पडला म्हणे. तुझे गुडघे कसे आहेत? हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस.

मी ठीक आहे. नवीन वर्षाला घरी येऊन बाबांना स्वतः उचलून न्हाणीच्या टबात बसवणार होते ना, त्यासाठी वर्षभर व्यायामशाळेत वजनं उचलत होते. शिकवणाऱ्या नागाई बाई भारी कडक. "पाठ सरळ, वजन अंगाजवळ, जोर मांड्यांचा. आणि महिन्याला दोनच किलो वाढवायचे, कळलं?" ऑक्टोबरात चाळीस किलोंपर्यंत आले. बाबा आता तेवढेच भरत असतील ना गं?

मागच्या शनिवारी आमच्या क्लबवर तोक्योचे चार पाहुणे गोल्फच्या सुट्टीवर आले. सकाळभर द्राक्षमळ्यांत वाइन चाखली आणि दुपारी खेळायला उतरले. त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या सांभाळणारी कॅडी मीच होते. त्यांतले म्हातारे कुसाकाबे साहेब वाळूच्या खड्ड्यात तोंडावर पडले. मी घाबरून कमरेत वाकले आणि एका हिसक्यात त्यांना उचललं. ते हसले, "अगं, तू तर पैलवान निघालीस!" मला मात्र सरळच होता येईना.

डॉक्टर म्हणतात, सहा महिने काही उचलायचं नाही. मला ऑफिसात फोनवर बसवलंय, तेव्हा काळजी नको.

पण आई, नगरपालिकेच्या त्या मदतनीस बाईला आता घरात येऊ दे. परक्या माणसानं बाबांना हात लावायचा नाही, हा हट्ट तुझा कधीच नव्हता. माझाच होता. रविवारी फोन करते, तेव्हा तो बाबांच्या कानाशी धर. त्यांना मीच सांगते.

तुझीच,
चिसातो