पिठावर उमटलेलं

आबा, समोर असताना आपण दोघंही फारसं बोललो नाही. म्हणून आज कागदावर बोलते.

मुंबईच्या इस्पितळातली ती खोली मला अजून दिसते. सत्तरचं दशक सरत आलेलं. मी सांगलीला शाळेत शिकवत होते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, म्हणून लोणंदहून तुम्हाला गाडीनं घेऊन आले होते. खोलीला खिडकी नाही, नुसता गारठा. तुम्ही पाठीवर पडलेले, छातीवर ढोलाएवढा कॅमेरा झुकलेला आणि पलंगाच्या पायथ्याशी सायकलची पायडलं. दंडात सुई दिली होती. ते औषध रक्तात मिसळतं, त्यातून किरणं निघतात, कॅमेरा ती टिपतो. मग हृदयात रक्त किती भरतं आणि किती बाहेर पडतं ते मोजता येतं, असं तिथल्या मशीनवाल्यानं मला समजावलं. आधी स्वस्थ पडून मोजायचं, मग पायडल मारताना.

"बाबा, छातीत दुखलं की सांगा, लगेच थांबवू," तो म्हणाला. तुम्ही मान हलवलीत. पण तुम्ही जुने पलटणीतले शिपाई, तुमच्या लेखी ती तिथली मेडिकल तपासणी होती. तिथं दुखतंय म्हटलं की माणूस अनफिट होऊन घरी येतो. तुम्ही पाय मारत राहिलात. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"आबा, दुखतंय का?"

"काय न्हाई. सायकल लय हलकी हाय, वजन टाक म्हणावं त्याला."

तो हसला आणि त्यानं खरंच ओझं वाढवलं.

नंतर तुम्ही उठून सदऱ्याची बटणं लावत होतात, तरी पडद्यावर तुमचं हृदय चालूच होतं. काळ्यावर पांढरे ठिपके, चाळणीतून पीठ पडावं तसे. त्यांचा एक गोळा, डावीकडे मोठा, भरायचा आणि आवळायचा. यंत्र सगळे ठोके एकावर एक रचून त्यांचा एकच ठोका करतं आणि तोच पुन्हा पुन्हा दाखवतं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात.

"मी तर हितं बसलोय. मग त्यो कोण हाय रं?"

"तुम्हीच, बाबा."

"मग थांबीव की त्याला. दमला आसंल."

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. काम पडलं की हृदयानं जास्त आवळायला हवं, यांचं उलट फुगतंय, म्हणाले; यांना दुखलं असणारच, आता जड काम बंद. परतताना गाडीत मी तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "त्या पडद्यावरच्यानं सांगितलं व्हय?" पलटणीतल्या कुणी चुगली करावी तसं.

त्याच वर्षी थंडीत विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल मारताना तुम्ही बांधावर बसलात. शेजारच्या रानातला गडी धावत आला. काय होतंय विचारलं तर "काय न्हाई" म्हणालात, असं तो नंतर सांगत होता.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला जिथं ठेवलं होतं तिथं दिवा लावला, पीठ पसरलं आणि वर पाटी झाकली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते पिठावर उमटतं म्हणतात. कधी पाखराचं पाऊल, कधी मुंगीची वाट. सकाळी आत्यानं पाटी उचलली. तिला धड दिसत नव्हतं. "तू बघ गं, तुझी नजर चांगली."

मी वाकले. पिठात एक गोळा उमटला होता, डावीकडे मोठा. वारा नव्हता, दिव्याची ज्योत हलत नव्हती. तो भरला. मग आवळला. पुन्हा भरला.

"काय दिसलं गं?"

"काय न्हाई," मी म्हणाले.

"मग सुटला," म्हणत आत्यानं हात फिरवून पीठ गोळा केलं आणि फडक्यात बांधलं.

हे कागद मी घडी घालून ठेवणार आहे, बाकीच्यांना दाखवणार नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. ते पीठ नदीत सोडायला मीच गेले होते. घाटापर्यंत पुरचुंडी मुठीत होती आणि वाटभर मुठीला ठोके लागत होते. माझ्याच हाताचे असतील, असं मी अजून म्हणते.