कलकत्त्याच्या पगाराचे घर

मी, एबेनेझर गेलॅटली, वय सत्तावन्न, तागगिरणीतला निवृत्त जोडारी, राहणार डंडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीविषयी शंका असल्यास शेजारच्या मिसेस पिटकेथली यांचे फाटक पाहावे. ते रोज पहाटे असे किंचाळते की बेशुद्ध राहणे अशक्य. त्यास तेल घालण्याविषयीच्या माझ्या चार विनंत्या अद्याप विचाराधीन आहेत.

१. माझे पाने व हातोड्या कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या ज्या गिरणीत मी नोकरी केली, तिथल्या कासिम मियाँस पाठवाव्यात. मी त्याला माग लावायला शिकवले; वर्षभरात तो माझ्या चुका काढू लागला. साहेबी पगार मात्र मलाच मिळत राहिला.

२. गिरणीमालकांना काही नाही. डंडीच्या नफ्यावर त्यांनी कलकत्त्याला गिरणी काढली आणि ती जोरात चालू लागल्यावर डंडीतली बंद केली.

३. कलकत्त्याच्या पगारातून घेतलेले हे घर माझ्यामागे माझी थोरली बहीण यूफेमिया ऊर्फ एफी हिचे. डंडीत गिरणीचे काम बायकांना; वडील घरी चहा उकळत आणि एफी बाराव्या वर्षापासून गोणपाट विणी. पूर्ण मजुरी पडू नये म्हणून मुलग्यांना अठराव्या वर्षी काढून टाकत. मला जोडारीकाम शिकवण्याची पदरमोड तिचीच. कलकत्त्याहून पहिल्या रजेवर आलो तेव्हा कासिमने विणलेल्या गोणपाटाचा तुकडा मी मोठ्या कौतुकाने तिच्या हातात ठेवला. तिने तो चिमटीत चोळला.

"वीण चांगली आहे हो, एबन. आता आम्ही काय विणायचं?"

एफीची डंडीतली गिरणी गेल्या वर्षी बंद पडली. मागांच्या खडखडाटात बायका नुसते ओठ हलवून बोलत. एफी आता माझ्याशी भर शांततेत तशीच बोलते. रविवारी उंबऱ्याबाहेर उभी होती.

"ताई, आत ये. चहा टाकलाय."

ओठ हलले : "नको साहेब. खुर्ची मळेल."

"मग घर कोणाला देऊ?"

"गिरणीला दे की! बाकी सगळं तिलाच दिलंयस."

तरीही घर तिचेच. तिने नाकारल्यास वकिलांनी दर महिन्याच्या एक तारखेला किल्ली पुन्हा न्यावी. ती दमेपर्यंत न्यावी. दुसरा वारस नेमलेला नाही, नेमणार नाही.

४. मार्टिनमसला, म्हणजे येत्या ११ नोव्हेंबरला, तिच्या खोलीचा करार संपतो आणि नवी खोली घ्यायला मजुरी नाही. माझ्यावरच्या रागापायी ती हिवाळा उघड्यावर काढील, पण या दारातून आत येणार नाही, याची मला भीती वाटते.

डंडी, ३ ऑक्टोबर १९३१
सही : एबेनेझर गेलॅटली

आमच्यासमक्ष सही केली :
हेक्टर स्टरॉक, पाववाला
डेव्हिना लॅम्ब, शिवणकाम करणारी