बाबांची दाढी

दादा,

तू उठायच्या आत मी बाहेर पडतेय. कुठे जायचं ते माझंही ठरलेलं नाही. संध्याकाळी परत येईनच, नाहीतर जाणार कुठे?

दोन दिवस आलाच आहेस, तर बाबांची दाढी तेवढी कर. लगेच रेझर फिरवू नकोस. आधी गरम पाण्यात टॉवेल पिळून गालांवर ठेव आणि खुंट मऊ होऊ देत. मग ब्रशने दाट फेस येईपर्यंत साबण लाव. त्यांचा डावा गाल लोंबतो, तिथली कातडी बोटांनी ताणून धर. केसांच्या दिशेनेच रेझर चालव. उलटा फिरवलास तर रक्त येतं, आणि मग ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात.

एक गोष्ट तुला फोनवर कधी सांगितली नाही. दिसेनासं झाल्यापासून त्यांना वाटतं, रोज दाढी तूच करतोस. टॉवेल ठेवला की तुझं नाव घेतात, हात थोपटतात. म्हणून दाढी संपेपर्यंत मी अवाक्षर काढत नाही. बांगड्यासुद्धा उतरवून ठेवते.

तू आज बोललास तरी चालेल.

छोटी